तिसऱ्या पावलावरचा हात

माझे काम प्रेशर गेज कॅलिब्रेट करायचे. काटा अर्ध्या टक्क्याने हलला तरी मी सर्टिफिकेट अडवते, म्हणून प्लँटवर माझा रोज उद्धार होतो. सांगायचे एवढेच, की भलतेसलते मानणाऱ्यांतली मी नव्हे.

इथे आखातात, मुऐदरमध्ये, फरजाना या घरमालकिणीच्या व्हिलामागे एक लांबट हॉल आहे. पांढऱ्या टाइल्स, खडखडणारा एसी, आणि कितीही झाडली तरी उंबऱ्याशी उरणारी बारीक वाळू. दर शुक्रवारी सकाळी सहाला महिपती सर तिथे कराटे शिकवत. सर मूळचे माण तालुक्यातले, हमद पोर्टवर क्रेन मेकॅनिक. अकरा वर्षे मी त्यांच्याकडे मुख्यतः ठरलेल्या हालचालींची एकच मालिका घोटली. जपानच्या ओकिनावा बेटावरचे लोक तिला सान्चिन म्हणतात, चीनमधल्या फुजियानचे साम चिएन. चिनी हात उघडा ठेवतात, ओकिनावाचे मूठ मिटतात. बाकी पावले तीच आणि श्वासही तोच. अर्थ तीन लढाया: शरीराची, श्वासाची, मनाची. विद्यार्थी तीन पावले पुढे जातो, गुरू त्याच्या मागे उभा असतो. विद्यार्थ्याने वळून पाहायचे नाही.

माझा डावा खांदा जन्माचा आगाऊ. तिसऱ्या पावलाला हटकून वर यायचा. आणि प्रत्येक वेळी त्या खांद्याच्या फऱ्याखाली चार बोटे टेकत. हलकी, गार. खांदा खाली बसे, श्वास पोटात उतरे, आणि पायांखाली टाइल्स नसून खोल, जुनी जमीन आहे असे वाटे. ऑफिसात हे कोणाला सांगितले नसते, पण त्या एका क्षणासाठीच मी अकरा वर्षे जात होते.

मार्चमध्ये सर कायमचे गावी गेले. जाताना क्लास माझ्या हवाली केला आणि त्यांच्याकडची कराटेची वही हाताने उतरवून घ्यायला लावली. वही म्हणजे नकलेची नक्कल. मूळ वही फुजियानमध्ये पांढऱ्या क्रौंचाच्या शैलीची लढाई शिकवणाऱ्या कोणाची तरी; ती ओकिनावात कोणी उतरवून घेतली, आणि तिथून हातोहात सरांच्या गुरूंपर्यंत आली. झेरॉक्स चालत नाही. आत श्लोक आहेत, मुक्या माराची औषधे आहेत, आणि लढणाऱ्या जोड्यांची चित्रे. सान्चिनच्या पानावर मात्र एक चूक आहे. पुढचा माणूस नीट काढलाय. मागच्याला हातच नाहीत. नकला करताना कोणाकडून तरी राहून गेले असणार, आणि पुढच्यांनी मुकाट्याने तसेच गिरवले. मीही गिरवले, फक्त शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.

सर गेले तशी ती बोटेही थांबली. त्यात नवल नव्हते. पण खांदा पुन्हा वर येऊ लागला. जे माझ्याच अंगात उरले नाही ते मी दुसऱ्याला काय शिकवणार? विद्यार्थी गळत गेले. एकटा अश्फाक राहिला, मालेगावचा ट्रेलर ड्रायव्हर. त्यात फरजाना म्हणाली, "सरोजजी, झुंबावाली हॉल माँग रही है. इस जुम्मे तक बता देना."

इतक्या लोकांच्या हातांतून इथवर आलेली गोष्ट माझ्यापाशी येऊन संपणार होती. मला त्याची लाज वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी सरांना फोन लावला.

"सर, क्लास बंद करते. तुमचा हात लागल्याशिवाय माझा खांदा बसत नाही."

पलीकडे कुठे तरी शेळी ओरडत होती.

"हात कुठं लागायचा?"

"डाव्या फऱ्याखाली. तिसऱ्या पावलाला."

"ताई," सर म्हणाले, "बाईमानसाच्या पाठीला मी हात लावीन व्हय? मी आपला दोन हात लांब उभा ऱ्हायचो. खांदा तर तुमचा तुमीच बसवायचा. मला वाटायचं, मॅडम हुशार हैत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मलाबी तिथंच लागायचा," ते हळूच म्हणाले. "मी समजायचो, आमचं सर. पर त्यांचं गुडघं गेलं हुतं. भिंतीकडंला खुर्चीत बसून शिकवायचे. उठून कवा आले, ते मी कधी इचारलं न्हाई."

दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या परीक्षेचा व्हिडिओ फोनमध्ये होता, मागच्या कोपऱ्यातून काढलेला. आजवर मी त्यात फक्त स्वतःची पावले पाहिली होती. आता सरांकडे पाहिले. ते माझ्यामागे दोन हात लांब उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच पाठीमागे बांधलेले होते. समोरून कोणी चित्र काढले असते, तर त्यात सरांचे हात दिसलेच नसते.

व्हिडिओत तिसरे पाऊल पडले.

माझ्या पांढऱ्या पोशाखावर, डाव्या फऱ्याखाली, चार खळगे पडले.

कापड आत दबले. मग सुटले.

रीडिंग तीनदा घ्यायचा नियम आहे. मी व्हिडिओ मागे नेऊन तीनदा घेतले. तिन्ही वेळा तेच.

घाबरायला हवे होते. पण माझे डोळे भरून आले. आजवर किती माणसे अशी पाठ करून उभी राहिली असतील, आणि एकानेही वळून पाहिले नव्हते. मी वही उघडून प्रश्नचिन्ह खोडले.

शुक्रवारी सकाळी फरजानाला उत्तर न देताच हॉलमध्ये गेले. अश्फाक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्यामागे दोन हात लांब. हात पाठीमागे नेले, बोटे एकमेकांत गुंफली.

पहिले पाऊल. दुसरे.

तिसऱ्याला त्याचा उजवा खांदा वर आला.

एसी खडखडत होता.

खांदा सावकाश खाली बसला. त्याचा श्वास पोटात उतरलेला मला मागूनही कळला. मग त्याचे कान लाल झाले.

"मॅडम," तो मागे न बघता, संकोचून म्हणाला, "हात नका लावू ना. मी करतो सरळ."

"बरं," मी म्हणाले, आणि पाठीमागची बोटे आणखी घट्ट धरली.