झाकण लावण्याआधीचे दोन ठोके

पहिलीच गोष्ट सांगून टाकते. हे खरं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझं काही अडत नाही.

आणि दुसरी गोष्ट, हे रात्री घडलेलं नाही. मध्यरात्र नव्हती, स्मशान नव्हतं, कुत्री रडत नव्हती. भरदुपारी, लख्ख उन्हात घडलंय. बंदराच्या अगदी शेवटच्या धक्क्यावर. मी स्वतः तिथे उभी होते.

मी बंदरात जहाजांच्या कचऱ्याची तपासनीस आहे. हसू नका. जहाज म्हणजे तरंगतं गावच असतं, आणि गाव म्हटलं की घाण आलीच. त्यातली सगळ्यात वाईट घाण म्हणजे इंजिनाखाली साचलेला तेलाचा काळा गाळ. तो समुद्रात ओतायचा नाही, बंदरात आमच्या ताब्यात द्यायचा, असा नियम आहे. पण कप्तान लोक एकेक नमुने असतात. "मॅडम, टाकी रिकामी आहे," असं तोंड भरून सांगतात. मी माप सोडलं की गुडघाभर गाळ निघतो.

त्यामुळे माझा स्वभावच तसा झालाय. कुणी काहीही सांगू दे, आधी झाकण उघडून बघायचं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही.

म्हणजे... नव्हता.

गाळ गोळा करायला आमच्याकडे एक बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मोठी नाव, आहे. काळी, संथ, पोट सुटलेली. सगळे तिला म्हैस म्हणतात. म्हैस जहाजाला जाऊन चिकटते, पाइप जोडतात, जहाजाचा गाळ तिच्या टाकीत येतो. मग ती किनाऱ्यावर येऊन पोट रिकामं करते. अधूनमधून ती टाकी आतून घासावी लागते. त्यासाठी माणसं आत उतरतात.

हे काम सोपं नाही. टाकीत विषारी वायू असतो. मोठा पंखा लावून आत हवा सोडतात, हवा तपासतात, मगच उतरायचं. पंखा बंद झाला की गाळाच्या उरल्यासुरल्या थरातून वायू परत साठतो. वास येतो तोवर माणूस सावध असतो. वास यायचा थांबला की समजायचं, संपलं.

म्हणून म्हशीवर एक रीत आहे. काम संपलं, सगळे वर आले, माणसं मोजली, की मुकादम पान्याने पत्र्यावर दोन ठोके देतो. ठक. ठक. आणि कान लावून थांबतो. आत चुकून कुणी राहिलं असेल तर ते उलटे दोन ठोके देईल. उत्तर आलं नाही की झाकण लावायचं.

उत्तर कधीच येत नाही. यायला नकोच असतं.

माझा धाकटा भाऊ म्हशीवर कामाला होता. अंगाने ताडमाड, पण घरात सगळ्यात लहान म्हणून अजून बारक्याच. त्याला तिथे मीच चिकटवला. आईने जाण्याआधी आम्हा दोघांकडून शब्द घेतला होता. पोरगा पाइप जोडेल, पंप चालवेल, पण टाकीत पाय ठेवणार नाही. आईला कारणही तसंच होतं. तिचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, याच म्हशीवर होता. टाकीत गुदमरला, कसाबसा वाचला, पण छाती कायमची गेली. आता तो आमच्याकडेच असतो, खिडकीजवळच्या पलंगावर.

त्या दिवशी सकाळीही मी बारक्याला दटावलं होतं.

"आज टाकी घासणार आहेत. तू लांब राहायचं."

"हो गं ताई. किती वेळा सांगशील? पोरीचा बाप झालो आता, अक्कल आहे मला."

बारक्याची मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

दुपारी काम संपलं. म्हैस एका परदेशी जहाजाला लागूनच उभी होती. पंखा बंद झाला आणि एकदम शांत वाटलं.

फारच शांत.

त्या धक्क्यावर समुद्रपक्ष्यांचा नुसता कलकलाट असतो. डोकं उठतं. त्या क्षणी एकही पक्षी नव्हता. पाणीसुद्धा म्हशीच्या अंगावर आपटत नव्हतं.

मुकादमाने माणसं मोजली. सगळी भरली. त्याने पाना उचलला.

ठक. ठक.

आम्ही थांबलो. आणि मग...

ठक. ठक.

आतून.

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे.

"लोखंड आहे, बाई," तो म्हणाला. "उन्हात तापलं की वाजतं."

"मग परत वाजवा," मी म्हटलं. सवयच माझी.

त्याने या वेळी मुद्दाम तीन ठोके दिले.

आतूनही तीन आले. तेवढ्याच सावकाश.

तापलेल्या लोखंडाला मोजता येत नाही हो!

"ताई, कुणीतरी आहे गं आत," बारक्या म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "जहाजावरचा तो माणूस पाइप सोडवायला आला होता ना? तो परत गेलेला बघितला का कुणी?"

कुणीच बघितला नव्हता.

आमच्याकडची माणसं मोजली होती, पण जहाजावरचा माणूस आमच्या मोजणीत येतच नाही. मी वॉकीटॉकी उचलला आणि जहाजाला विचारायला पाठ वळवली. एवढंच. फक्त पाठ वळवली.

मागून मुकादमाची किंकाळी आली, "अरे गाढवा, थांब!"

वळून बघते तर झाकणाशी बारक्या नव्हता.

या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं, की टाकीत एक मरतो आणि त्याला वाचवायला उतरलेले दोन मरतात. बारक्यालाही पाठ होतं. पण आत कुणीतरी जीव तोडून ठोकतंय आणि आपण वर उभं राहायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

मी झाकणाकडे धावले. मुकादमाने मला कमरेला धरून मागे खेचलं. मी त्याला चावले, खरंच चावले. तो सोडेना.

"कुणी उतरायचं नाही! मास्क घाल रे आधी!" तो दुसऱ्या गड्यावर ओरडला. पण मास्क आणि सिलिंडर चढवायला वेळ लागतो. तोवर मुकादमाने दोर आत सोडला. "बारक्या, दोर धर! कमरेला बांध! बारक्या!"

उत्तर नाही.

फक्त खाली, खूप खाली, काहीतरी ओलं पडल्याचा आवाज.

मी देवाला नाही, आईला हाका मारत होते.

आणि मग दोराला दोन झटके बसले.

दोन झटके म्हणजे ओढा. सगळ्यांनी दोर धरला, मीही धरला. बारक्या वर आला. मान लोंबत होती, ओठ निळे. पण श्वास होता. तोंडावर ऑक्सिजन लावल्यावर तो ओकला. इतकं सुंदर ओकणं मी आयुष्यात पाहिलं नाही.

तेवढ्यात जहाजाच्या कठड्यावरून कुणीतरी हात हलवला. पाइप सोडवायला आलेला तोच माणूस. हातात चहाचा कप. तो मघाशीच परत गेला होता.

गडी मास्क घालून आत उतरला. बॅटरीने कोपरान् कोपरा बघितला.

टाकी रिकामी होती.

दोन दिवसांनी बारक्याला घरी आणलं. मी त्याला आधी पोटभर शिव्या दिल्या, मग पोटभर रडले. मग म्हटलं, "निदान दोर बांधायची तरी बुद्धी झाली तुला."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"कुठला दोर, ताई? शिडी संपली आणि पायातलं बळच गेलं. पुढचं मला काही आठवत नाही."

"अरे, तुझ्या छातीला बांधलेला होता. पाठीवर गाठ होती, पक्की. सुरीने कापावी लागली."

"पाठीवर?" तो म्हणाला. "स्वतःच्या पाठीवर कोण गाठ मारेल?"

पलंगावरून मामाचा खोकला आला. तो उठून बसला होता.

"मलाही पाठीवरच मारली होती," मामा म्हणाला.

मामा त्या दिवसाबद्दल कधीच बोलत नसे. त्या संध्याकाळी बोलला, अडखळत, दम घेत.

"आम्ही सगळे वर होतो. आतून ठोका ऐकू आला म्हणून मी उतरलो आणि पडलो. माझा जोडीदार वरच होता, माझ्या शेजारी. तो माझ्यामागे आला. मला बांधून वर पाठवलं त्याने. पाठीवर गाठ, घट्ट. दोर परत खाली सोडला तोवर तो..." मामाने हात हलवला. "दोर रिकामाच वर आला."

मग मामाने मला विचारलं, "बारक्याला काढल्यावर दोर परत सोडलात का गं?"

"नाही. कशाला? गड्याने आत बघितलं, झाकण लावलं."

मामा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सोडायचा असतो गं. तो वाट बघत असेल."

मी हट्टी आहे, पण कृतघ्न नाही. माझ्या भावाला कुणीतरी दोर बांधला होता.

पुढच्या वेळी टाकी घासून झाली, माणसं मोजली, आणि मी मुकादमाला मामाचं बोलणं सांगून म्हटलं, दोर सोडा. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. मुकाट्याने दोर सोडला.

बराच वेळ काहीच नाही. आणि मग...

दोन झटके.

आम्ही ओढायला लागलो. दोर जड होता. पुऱ्या माणसाएवढा जड. सगळ्यांच्या तळव्यांना वळ उठले. झाकणाच्या तोंडाशी आला आणि... एकदम हलका झाला. आम्ही सगळे मागे कोलमडलो.

दोराच्या टोकाला फास होता. गाठ मारलेली. आत कुणी नाही.

मी घरी आले तर मामा पलंगाच्या कडेला सरकून बसला होता. बाजूला जागा केलेली. उशीसुद्धा.

"आला," मामा म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. खोलीत तेलाचा वास होता. मी खिडक्या उघडल्या, तरी गेला नाही. अजून येतो. मामाची तक्रार नाही, तो आता खोकतोही कमी.

त्यानंतर कितीतरी महिने टाकीतून उत्तर आलं नाही. मलाही हलकं वाटलं. सुटला बिचारा. म्हणून बारक्या परत म्हशीवर जातो म्हणाला तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. आत आता कोण आहे?

असं मला वाटत होतं. कालपर्यंत.

काल टाकी घासली. माणसं मोजली. जहाजावरचीसुद्धा मोजली, आता मी मोजते. मुकादमाने पाना उचलला.

ठक. ठक.

पक्षी गप्प झाले.

आणि आतून...

ठक. ठक.

मुकादमाच्या हातातून पाना पडला. "बाई," तो पुटपुटला, "त्याला तर आपण वर काढला ना?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मामा ठोका ऐकून उतरला, तेव्हा त्याचा जोडीदार वर होता. मामाच्या शेजारी उभा होता. मग आतून कोण ठोकत होतं?

ठोके देणारा वेगळा. गाठ मारणारा वेगळा.

आणि गाठ मारणाऱ्याला आम्ही वर काढून बसलोय.

मी बारक्याकडे बघितलं. तो झाकणाशी वाकून, मान तिरकी करून ऐकत होता.

"ताई, खरंच कुणीतरी असलं तर गं?"

मी त्याचं मनगट धरून ओढत त्याला धक्क्यावर आणलं. झाकण मुकादमाने लावलं. बोल्ट आवळेपर्यंत आतून आवाज येत होता.

मी साहेबांना म्हटलं, त्याची पाळी बदला. ते म्हणाले, उद्या बघू, आज माणसं कमी आहेत.

म्हणजे आज बारक्या म्हशीवर आहे. मी कार्यालयात बसून हे लिहितेय, फोन समोर ठेवून. सकाळी त्याला निक्षून सांगितलं, काहीही ऐकू आलं तरी उतरायचं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हण.

तो हो म्हणाला.

त्या दिवशीही तो हो म्हणूनच गेला होता.