मिलीमीटरभर चूक

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत क्षिप्रा तीन वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम करत होती. कारखान्यांची मोजमापाची उपकरणं तिच्या टेबलावर यायची, ती तपासायची, आणि कुठलं उपकरण किती खोटं बोलतं ते कागदावर लिहून खाली सही ठोकायची. असल्या कामाने माणसाला थोडा ताठा येतोच. तिलाही आलेला होता.

त्या मंगळवारी दुपारी काउंटरवर एक मुलगा येऊन उभा राहिला. उन्हाने रापलेला, रुंद खांद्यांचा. हातातल्या दुधाच्या पिशवीत एक डिजिटल कॅलिपर, दोन जबड्यांत वस्तू धरून मोजायचं उपकरण, होतं आणि पिशवीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

“मॅडम, हे खरं बोलतंय का जरा बघायचंय.”

“अहो, हे भिजलंय!”

“भिजणारच ना. स्की मोजायला लागतं ते.”

“स्की?” क्षिप्राने भुवई उंचावली. “डोंबिवलीत बर्फ कधी पडला?”

“बर्फावरची नाही, मॅडम. पाण्यावरची. पुढे बोट ओढते, मागे दोरी धरून आपण.” तो हसत होता, पण कुचकं नाही. “दिवा स्टेशनच्या पुढे खाडीकाठी आमचं तळं आहे. या कधी बघायला.”

शेजारच्या टेबलावरची ऋजुता फिस्सकन हसली. क्षिप्राचे कान तापले. तिने मान खाली घालून फॉर्म पुढे सरकवला. त्याने नाव लिहिलं... मयूर. अक्षर इतकं सुबक, की तिला आणखीच राग आला.

तीन दिवसांनी तो कॅलिपर न्यायला आला.

“ठीक आहे हे. पण वाळवून ठेवत जा.”

“तुम्ही सांगितलंय म्हणजे ठेवणार.”

“आणि मी सांगितलं नसतं तर?”

“तर दर आठवड्याला भिजवून आणलं असतं.”

 क्षिप्राने कॅलिपर त्याच्यापुढे सरकवलं, आणि रविवारी ती दिव्याच्या पुढे जाऊन पोचली.

मयूरच्या वडिलांची, काळुरामशेठची, तिथे मिठागरं होती. मीठ बंद पडल्यावर त्यांनी कोळंबीसाठी अर्धा किलोमीटर लांबीचं तळं खणलं. कोळंबी काही टिकली नाही, तळं मात्र राहिलं. त्यात लेकाने एक जुनी बोट आणली, पाण्यावर तरंगणारे नारिंगी बोये सोडले आणि या खेळाचं वेड घेतलं. चुलतभाऊ जगन बोट चालवायचा.

तिने पहिल्यांदा मयूरला पाण्यावर पाहिलं आणि हातातला चहा प्यायची विसरली. एकाच स्कीवर एकामागे एक दोन्ही पाय, एकदा उजवीकडच्या बोयाला वळसा, की बोटीच्या मागून सुसाट पलीकडे आणि डावीकडच्या बोयाला वळसा. असे सहा. वळताना तो इतका आडवा व्हायचा, की खांदा पाण्याला टेकतो की काय वाटावं. सहा बोये झाले की दोरी आखूड करायची आणि पुन्हा सहा.

“स्की कशी निवडतोस?” तिने विचारलं. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

“वजन आणि वेग बघून. माझे बहात्तर किलो, बोट ताशी अठ्ठावन्नची. मोठी घेतली तर तरंगते मस्त, पण वळायला नखरे. छोटी घेतली तर वळते पटकन, पण पाण्यात बसते. नवीन घेतोय आता, सहासष्ट इंची. राज्याच्या निवड चाचणीसाठी.” त्याने स्की उलटी केली. मागच्या टोकाखाली तळहाताएवढं धातूचं पातं होतं. “पण खरी गंमत या फिनची. हे केसभर पुढे-मागे झालं तरी सगळं वळण बदलतं.”

“आणि ते बसवतोस कसं?”

“पेन्सिलची खूण. बाकी पाय सांगतात.”

“अंदाजपंचे?” क्षिप्राला खरंच धक्का बसला. “अरे, पाय काय सांगतील? आकडे सांगतात.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग स्की तिच्या मांडीवर ठेवून म्हणाला, “मग लाव तुझा हात.”

पुढचे पाच रविवार क्षिप्रा तळ्यावर होती. फिनची लांबी, खोली, शेपटीपासूनचं अंतर. ती मोजायची, तो स्क्रू सैल करायचा. दोघांची डोकी त्या छोट्या पात्यावर इतकी जवळ यायची, की तिला त्याच्या ओल्या केसांतलं खारं पाणी वासाने कळायचं. एकदा त्याने तिचं बोट कॅलिपरवरून उचलून बाजूला केलं... आणि पुढची पाच मिनिटं दोघांनाही आकडा वाचता येईना. मयूरची आई जयाबाई घरातून तांदळाच्या भाकरी पाठवायची आणि भाकरी आणणारा जगन उगाच खोकायचा.

चाचणीच्या आठवड्यात नवी स्की आली. सोबत कंपनीने दिलेल्या आकड्यांचा तक्ता होता. क्षिप्राने त्या तक्त्याबरहुकूम फिन बसवलं आणि तीन-तीनदा मोजलं. मयूर एक चक्कर मारून आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

“डावीकडे वळताना शेपूट पाणी सोडत नाहीये गं. जरा हलवूया?”

“आकडा बरोबर आहे, मयूर. तुला सवय व्हायला हवी.”

“पण पायाला...”

“माझ्यावर विश्वास आहे ना?”

मयूरने स्क्रू तसेच राहू दिले. विश्वास होता.

चाचणीत तिसऱ्या बोयाला स्की वळलीच नाही. तो ताशी अठ्ठावन्नच्या वेगात आपटला आणि घोटा मुरगळला. लंगडत काठावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “स्की एकदम झकास होती. मीच कमी पडलो.”

पाच दिवसांनी क्षिप्रा कामावर नव्या आलेल्या मुलीला शिकवत होती. “कॅलिपरच्या टोकांनी मोजायचं नाही हं. टोकं झिजतात. नेहमी जबडा सपाट लावायचा.” प्रयोगशाळेतलं हे पहिलं तत्त्व. हजारदा सांगून झालेलं. पण त्या दिवशी सांगता सांगता तिची जीभ अडली. तिने फोनमध्ये तक्त्याचा काढलेला फोटो शोधला, मोठा केला. लांबीच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे माप टोकांनी घेतलेलं आहे.

पात्याची कड तिरकी असते. टोकांनी मोजलं तर एक आकडा येतो, सपाट जबड्याने दुसरा. तिने कागदावर हिशेब मांडला. एक मिलीमीटर.

तिने तो पुन्हा मांडला. तोच आकडा. चुकीची लाज तर होतीच, पण तिला खरं जाळत होतं ते वेगळंच. त्याचे पाय खरं सांगत होते आणि तिने त्यांना गप्प केलं होतं!

आता माणसाने काय करावं? सरळ फोन उचलावा आणि सांगून टाकावं. क्षिप्राने फोन उचललाही. पलीकडून मयूरच आधी बोलला.

“लाज वाटते गं मला. तू एवढं नीट बसवून दिलंस आणि मी माती खाल्ली.”

“असं नको ना बोलूस...” ती म्हणाली. आणि तिथेच अडकली.

मग रोज संध्याकाळी तेच. तो स्वतःला कोसायचा, ती त्याची समजूत घालायची. स्वतःच्या चुकीबद्दल त्याची समजूत! फोन ठेवला की तिला आरशात बघवत नसे. उद्या सांगू, असं म्हणत तिने तब्बल तीन आठवडे काढले. सांगितलं तर तो जाईल, ही एकच भीती. त्याच्यासारखा माणूस तिला पुन्हा भेटणार नव्हता, आणि आपण त्याच्या लायकीच्या नाही हेही तिला रोज थोडं जास्त कळत होतं.

मग एका शनिवारी काळुरामशेठचा फोन आला.

“पोरी, तुजा आयकतो तो. जरा समजाव त्याला. स्की इकाया काढलीय त्यानी. बोलतो, माज्यानी नाय होनार. उद्या ठान्याचा मानूस येतोय घ्याया.”

“पण पुढच्या महिन्यात दुसरी चाचणी आहे ना, काका?”

“नाय देनार बोलतो. मना काय कलत नाय.”

क्षिप्राला सगळं कळत होतं.

रविवारी ती पोचली तेव्हा ठाण्याचा माणूस खुर्चीत बसून चहा घेत होता. स्की त्याच्या पायाशी, पुसून लखलखीत. मयूर, जगन, काळुरामशेठ सगळे तिथेच. मयूरला बाजूला घ्यावं असं तिला वाटलं. पण तो पडला तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होता. मग तिलाही सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं.

“स्की विकू नकोस,” ती म्हणाली. “तू कमी पडला नव्हतास. फिन मी चुकीचं बसवलेलं.”

“उगाच माझ्यासाठी काहीतरी...”

“उगाच नाही! तक्त्यातलं माप टोकांनी घ्यायचं होतं. मी सपाट घेतलं. पूर्ण एक मिलीमीटरचा फरक होता. तुला पायाला कळलेलं, तू मला सांगितलंस आणि मी ऐकलं नाही.” तिने मान खाली घातली. “तीन आठवडे झाले मला कळून.”

ठाण्याच्या माणसाने कप हळूच खाली ठेवला. काळुरामशेठ तळ्याकडे बघू लागले.

“तीन आठवडे?” मयूर म्हणाला. “म्हणजे मी रोज फोनवर रडत होतो तेव्हा...”

“हो.”

“आणि तू मला समजावत होतीस?”

“हो.”

“चुकीचा राग नाही गं. चूक कोणाची पण होते. पण मी रोज स्वतःला शिव्या घालत होतो आणि तू ऐकत होतीस, क्षिप्रा!”

“तू आवडतोस म्हणून सांगितलं नाही,” ती म्हणाली. “आणि आवडतोस म्हणूनच आता सांगतेय. लाज वाटते मला. इतकी, की तुझ्याकडे बघवत नाहीये.”

खरंच बघवत नव्हतं. ती जमिनीकडे बघत उभी होती.  आता याने जा म्हटलं तर स्टेशनपर्यंत चालायची ताकद आपल्या पायांत आहे का, एवढाच विचार तिच्या डोक्यात.

मयूरने स्की उचलली. टोकांनी माप घेतलं, ओठ चावला, स्क्रू सैल केले आणि पातं सरकवलं. तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाण्यात उतरून त्याने बूट चढवले.

“जगन, बोट काढ.”

“मागे कोन बसनार? कृतिका क्लासला गेलीय.”

बोट चालवणारा पुढे बघतो, म्हणून मागे तोंड करून दुसरं माणूस बसावंच लागतं. दोरीवरचा माणूस पाण्यात आहे तोवर त्याच्यावरून नजर काढायची नाही, हा या खेळाचा नियम. कृतिका, मयूरची बहीण, नेहमी ते काम करायची.

“ती बसेल,” मयूर म्हणाला.

क्षिप्रा बसली. बोट सुटली, दोरी ताणली गेली, आणि तो पाण्यातून उभा राहिला, थेट तिच्यासमोर. तिची मान आपोआप खाली गेली.

“ओ मॅडम!” जगन ओरडला. “त्याच्याकडं बघा! पडला तर मना कोन सांगनार?”

मग तिने मान वर केली. डोळे भरलेले, गाल ओले, तसंच. पहिला बोया. दुसरा. तिसऱ्या, उजवीकडच्या बोयाला वळसा घेताना तो डावीकडे आडवा झाला आणि स्की अशी वळली, जणू तिला तेवढंच करायचं होतं. चौथा. पाचवा. सहावा! क्षिप्राने एकदाही पापणी लववली नाही. तिला वाटलं होतं, त्याच्या तोंडावर राग दिसेल. राग होताच. पण प्रत्येक वळणानंतर तो मधून जाताना तिच्याकडेच बघत होता.

त्याने दोरी सोडली आणि तो पाण्यात बसला. जगनने बोट फिरवून त्याच्याजवळ आणली आणि इंजिन बंद केलं.

“किती झाले?” मयूरने विचारलं.

“सहा.”

“दुसरी चाचणी देतोय मी.”

“बरं.”

“राग गेला नाहीये माझा.”

“माहितेय.”

“आवडतेस पण अजून. तेच तर डोक्यात जातंय माझ्या!”

जगन खोकला. क्षिप्राला रडू आणि हसू एकदमच आलं आणि तिने ओढणीत तोंड लपवलं.

“ए, खाली काय बघतेस? मी पाण्यात आहे अजून.”

“मग ये ना बाहेर.”

“नाही येणार,” तो म्हणाला आणि पाण्यात आरामात पाठीवर पडला. “मी बाहेर आलो की तू परत मान खाली घालशील.”