घर आपलंच समजा

स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात मी अकरा वर्षं नर्स आहे. तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात, पेशंटशी वाद घालायचा नाही. आजी म्हणाल्या, नवरा ऑफिसातून यायचाय, तर हो म्हणायचं. मग तो जाऊन वीस वर्षं का झालेली असेनात. होला हो करायची जिभेला इतकी सवय लागते, की हल्ली भाजीवालासुद्धा मला गंडवतो.

त्या दुपारी मी मास्तरांचं वजन करायला गेले होते. मास्तर म्हणजे चार नंबरच्या खोलीतले, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. महिन्याभरात सहा किलो कमी! डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन उतरलं तर नाकातून नळी." नळी ते ओढून काढणार, मग हात बांधावे लागणार. माझा फार जीव होता हो त्यांच्यावर. आणि ताट तर रोज चाटूनपुसून परत यायचं.

माझा स्वभाव मुळात संशयी. जेवण वाटायचं काम वॉर्डातल्या मामांचं, म्हणून मी त्यांनाच धरलं.

"मामा, मास्तरांचं जेवण कोण जेवतं?"

मामांचा चेहरा पडला. "सिस्टर, पोटावर पाय द्या, पण असला आळ घेऊ नका. मी त्या खोलीत थांबतच नाही. ताट ठेवतो नि निघतो."

"का?"

ते मान खाली घालून भांडी आवरू लागले. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताट मीच नेलं आणि दार लावून समोर बसले. बाहेर टळटळीत ऊन होतं. खोलीत मात्र गारवा, आणि फिनेलच्या वासाखाली ओल्या मातीचा वास. मास्तरांनी चार घास खाल्ले, मग ताट टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं.

"घ्या," ते खुर्चीला म्हणाले.

मी पाणी ओतायला वळले. मागे चमचा वाजला... सावकाश, ताटाच्या कडेकडेने. पाहते तर ताट स्वच्छ. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि चमचा पलीकडे, खुर्चीच्या बाजूला.

तरी संशय जाईना. गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, त्यांच्या खिशात, सगळीकडे शोधलं. भाताचं शीतही सापडलं नाही.

"सिस्टर," मास्तर कुजबुजले, "त्याचं इथे भागत नाही... घरचं जेवण हवं म्हणतो. तुमच्याकडे येऊ का, विचारतोय..."

मी गादी सारखी करत होते. जीभ आपली सवयीने चालली. "येऊ दे की, मास्तर. घर आपलंच समजा म्हणावं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी शुद्धीतल्या माणसासारखं. "हो म्हणायला नको होतं, बाळ."

आठवड्यात त्यांचं वजन दीड किलोने वाढलं. नळी टळली. मी मामांची माफी मागितली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

घरी मी आणि आई, दोघीच. तो आठवडाभर मला जादा ड्यूटी होती. पोचायचे तेव्हा आई झोपलेली असायची. मास्तरांचं वजन वाढलेलं दिसलं त्या दिवशी मात्र वेळेवर सुटले. आईची स्मरणशक्ती माझ्याहून तल्लख. ती जेवायला बसली होती. बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. समोर, रिकाम्या खुर्चीपुढे, दुसरं ताट. पुसून काढल्यासारखं.

"आई... हे कोणाचं?"

"असं काय करतेस? तूच बोलावलंस ना त्यांना?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी वाद घातला. ओरडलेच. "आई, तिथे कोणी नाही! कोणीही नाही!"

आईने माझा हात हातात घेऊन थोपटला. आवाज अगदी मऊ, मी वॉर्डात लावते तसा.

"हो गं, बाळा. कोणी नाही हं."

मग खुर्चीकडे वळून ती हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नका... तिला हल्ली आठवत नाही."