बदकं चुकली दार

ताईच्या दारावर सजावट लावायची म्हणून धाकटी बहीण धापा टाकत तिसरा मजला चढून आली, आणि बघते तर काय — दारच नाही!

चौकट होती, उंबरा होता, आतला सोफासुद्धा दिसत होता. दार तेवढं गायब. आणि चौकटीत एक उंच माणूस, कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा, जावयासारखा ऐटीत शीळ घालत उभा.

"दार कुठंय?"

"उतरवलंय."

"ते दिसतंय मला! का उतरवलंय?"

"घासत होतं. उघडलं की कुईं करायचं. तुमचे भाऊजी म्हणाले, बाळ दचकून उठेल." त्यानं तिच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. "तुम्हीच मावशी ना?"

"मावशी कुणाला म्हणता हो? लग्न व्हायचंय अजून माझं!"

"बाळाची मावशी म्हणालो… पण बरं झालं, कळलं."

अस्सा राग आला तिला! आणि रागात गाल लाल झाले, त्याचा आणखी राग आला.

भांडायला वेळ तरी कुठं होता? दुपारी ताई दवाखान्यातून घरी येणार होती, मुलीला घेऊन. सोबत ताईच्या सासूबाई. त्या आधीच नाक मुरडून बसलेल्या — "बाजारात चकचकीत मिळतं की तयार. घरी केलेलं कुठं दिसतं शोभून?" त्यावर ही ताडकन बोलून गेली होती, "ताई जिना चढून येईल तेव्हा दारावर माझ्याच हातचं असेल." आता बोलली ती बोलली. शिवणाच्या दुकानात दिवसभर लोकांचे ब्लाउज शिवून आल्यावर डोळे फोडून तिनं कापडाची बदकं कापली होती. कापड कुठलं? ताईच्या लहानपणच्या फ्रॉकांचं. आई लवकर गेली. वेणी घालायला, ताप उतरेस्तोवर उशाशी बसायला हिला ताईच होती. त्या ताईला दारातच कळायला हवं होतं, की हिला सगळं आठवतंय. तोंडानं ते कधी बोलता आलं नसतं तिला. तोंडातून नेहमी भलतंच निघायचं.

जिन्याच्या कडेला दोन दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. दोन्ही घासलेली, रंग उडालेली, जुळ्यांसारखी. तिनं पिशवीतून खिळे काढले.

"खिळा नका मारू," तो आतून ओरडला, "मधली फळी पातळ आहे. चिरेल."

"मग काय थुंकीनं चिकटवू?"

"डिंक आहे माझा तिथं डब्यात. पण अहो, ते दार —"

"मला शिकवू नका! ताईचं दार आहे, मी बघून घेईन."

त्यानं पुढचं वाक्य गिळलं. तिनं डबा उघडला आणि बदकं चिकटवली. पुढं मोठं, मागं मधलं, शेवटी चिमुकलं पिवळं. वर अक्षरं — 'आमच्याकडे मुलगी आली'. तळव्यानं दाबून दाबून बसवली. एकदा मान वर केली तर तो चौकटीला टेकून बघत होता. पटकन वळला आणि उगाचच भिंत ठोकू लागला.

ती आत जाऊन पाळणा पुसून, चादर घालून बाहेर आली, आणि उंबऱ्यातच थबकली. बदकांचं दार समोरच्या घराला बसवलेलं!

"अहो! हे काय केलंत?"

"ज्याचं दार त्याला लावलं."

तेवढ्यात जिन्यातून भाजीची पिशवी घेऊन एक ठेंगणीशी बाई वर आली. दाराकडं बघितलं. वाचलं. पुन्हा वाचलं. पिशवी धपकन खाली.

"अरे मेल्या! वर डोकावून गेलेली खालची शेजारीण मला म्हणते, अभिनंदन, आजी झालात, आणि मी तिला वेड्यात काढून आले! काय आहे हे?"

"आई, ऐक —"

म्हणजे हे घर त्याचं! हत्यारं बाहेर काढलीच होती म्हणून आपलंही दार घासून घेतलेलं. शिवणवालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं बदक सोलायला नख लावलं.

"थांबा!" त्यानं तिचं मनगट धरलं, आणि लगेच सोडलं. "डिंक वाळला. कापड फाटेल."

तिचे डोळे भरून आले. त्याला दिसू नयेत म्हणून ती आणखीच खेकसली, "तुम्हाला माहीत होतं! मी लावत होते तेव्हाच माहीत होतं! पुन्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो…" तो पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवत म्हणाला, "मग वाटलं, बघू तरी… आमच्या दारावर तुमच्या हातचं कसं दिसतं. चुकलं माझं."

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"रडू नका," तो म्हणाला. "फळी कडेच्या पट्ट्यांत बसवलेली असते. पट्ट्या काढल्या की फळीच निघते. दोन्ही दारांच्या सारख्याच आहेत."

"मी रडत नाहीये! काढा लवकर!"

पट्ट्या निघाल्या. बदकं अख्ख्या फळीसकट सरकत बाहेर आली आणि ताईच्या दारात जाऊन बसली. शेवटची पट्टी ठोकतोय तोच खाली गाडी थांबली. दोघांनी दार उचललं आणि नुसतंच चौकटीत उभं केलं. स्क्रू नाही, काही नाही. एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं हिनं.

ताई एकेक पायरी चढत आली. दारापाशी थांबली. बोट पिवळ्या बदकावरून फिरलं.

"हा तर माझा फ्रॉक गं… बाही फाटलेली. तुला घालायचे मी नंतर." तिनं बाळाला उचलून बदकांसमोर धरलं. "बघ, मावशीनं काय केलंय."

सासूबाईंनी वाकून बदकं न्याहाळली. "हं," म्हणाल्या, आणि हातातली चकचकीत पिशवी पदराआड घेतली. "टाके बारीक आहेत."

दार बाजूला धरलं, सगळी आत गेली. समोरची त्याची आई मात्र आपल्या दाराकडं बघत कमरेवर हात ठेवून उभी.

"आमचं आता अगदीच भकास दिसतंय गं पोरी. ये एकदा, काहीतरी कर त्याचं." मग लेकाकडं डोळे वटारून, "पण बदकं नकोत हं इतक्यात!"

"आई!"

"आई काय आई? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास तर विचारणार कोण, मी?" आणि ती भाजी घेऊन आत गेली.

तो बिजागरीवर वाकला. स्क्रू पिळताना कान तांबडेलाल झालेले. ही दार पेलून उभी, हात भरून आलेले, भुशानं नाक चुरचुरतंय.

"याल?" त्यानं खालीच बघत विचारलं.

"येईन हो, येईन! आधी ते दार बसवा, खांदे मोडले माझे!"

"बसलंय ते." तो हळूच म्हणाला. "केव्हाचंच बसलंय."

"मग सांगायचं नाही का?"

त्यानं वर बघितलं. ती तोंडानं पुटपुटत राहिली — काय माणूस आहे, काय माणूस आहे… पण दारावरचा हात काही तिनं काढला नाही.