पांढऱ्या चिंधीची चावी

या, बसा. सातशे दोनची चावी ना? दुसरी करून हवीय? दोघांत एक चावी म्हणजे रोजची भांडणं, बरोबर आहे तुमचं. पण लाइट गेलीय, मशीन चालायचं नाही. कानशीनं हातानं घासून देतो, अर्धा तास लागेल. मेणबत्ती जरा इकडे सरकव बाळ. हं.

या भागात एवढ्या कमी भाड्यात घर मिळालं तुम्हाला. का, ते विचारलंत कुणाला? नाही ना. घाई असते तुम्हाला.

ऐका मग. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर गुदरली तो माझा मित्र. टेलर होता. आम्ही मास्टर म्हणायचो.

तुमच्या या टोलेजंग बिल्डिंगच्या जागी तेव्हा तीन मजली जुनी इमारत होती. बावीस खोल्या. एक माझी. मास्टरची खोली जिन्याला लागून. दिवसभर मशीनवर बसलेला असायचा, म्हणून सगळ्यांची जादा चावी त्याच्याकडे. भिंतीवर फळी, फळीवर बावीस खिळे. नंबर-बिंबर काही नाही. ज्याचे कपडे शिवले, त्याच कापडाची चिंधी त्याच्या चावीला. माझ्या चावीला खाकी. दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरच्या चावीला पांढरी. हॉस्पिटलात नर्स होती, रिटायर झालेली, एकटी. गॅलरीत डबेच डबे, सगळी सदाफुली.

मग बिल्डर आला. जुन्या भाडेकरूंना इथेच नवीन खोली, परवडेल अशा भाड्यात, असं म्हणाला. सह्या गोळा केल्या मास्टरनं. ज्याच्याकडे घराची चावी, त्याला सही द्यायला कोण मागेपुढे बघतं? एकवीस सह्या झाल्या. सिस्टर म्हणाली, “आधी माझ्या खोलीचा नंबर कागदावर लिहा. मग सही.” एका बाईपायी सगळं अडलं.

पुढच्या महिन्यात सिस्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाताना मास्टरला म्हणाली, “तीन दिवसांत येते रे. झाडांना पाणी घाल.”

दुसऱ्या दिवशी मास्टर माझ्याकडे आला. म्हणे, सिस्टरचं कुलूप अडकतंय, बदलून टाक, तिनंच सांगितलंय. मी बदललं. माझ्या याच हातांनी. मास्टरवर कोण संशय घेणार? नवी चावी त्याला दिली आणि कामाला गेलो. मला काय माहीत, आदल्याच रात्री पांढऱ्या चिंधीची चावी त्यानं बिल्डरच्या माणसाला दिली होती, आणि आत भांडंसुद्धा उरलं नव्हतं!

तिसऱ्या दिवशी सिस्टर आली. एका डोळ्यावर पट्टी. पर्समधली चावी लावली. फिरेना. पुन्हा लावली. खाली पहिल्या मजल्यावर मास्टरच्या दारात आली, मी तिथेच होतो. विचारलं, “कुलूप कुणी बदललं?”

मास्टरनं माझ्याकडे बोट दाखवलं.

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. एकाच डोळ्यानं. म्हणाली, “तू पण?”

मी तोंड उघडेपर्यंत ती जिना उतरून गेली. भाचीकडे राहिली. महिन्याच्या आत वारली.

बाकी वीस घरांच्या तोंडाला पानं पुसली. दोन बस बदलून जावं लागतं तिथे खोल्या दिल्या. मी तिथूनच येतो रोज. आणि मास्टरला इथे सातव्या मजल्यावर फ्लॅट. हो. तुमचाच. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय! मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. मास्टर बटणं आणायला बाजारात गेला होता. बायको मुलीकडे गेलेली. भुतं बाराच्या ठोक्याला येतात म्हणतात ना? ही सव्वाआठला आली. शेजारी टीव्ही चालू होता.

मास्टर घरात शिरला. दार लावलं. बटणं टेबलावर ठेवली.

टक टक.

बेल नाही. चावीनं दारावर ठोकल्यासारखं. सिस्टरची सवय होती ती.

त्यानं विचारलं, “कोण?”

“आले रे मी.”

मास्टर जागेवरच उभा.

“झाडांना पाणी घातलंस का रे?”

रागानं नाही बरं का. रोजच्यासारखं…

मास्टरनं दाराकडे पाठ फिरवली.

कुलपात चावी शिरली. आवाज आला. फिरेना. बाहेर निघाली. पुन्हा शिरली… फिरेना…

मग काहीच नाही.

शेजारचा टीव्हीही बंद.

आणि मग… घरात. त्याच्या पाठीमागे.

टप.

टप.

दाराच्या मागे एक खिळा आहे बघा तुमच्याकडे. मास्टर तिथे मापाची टेप लटकवायचा. टेप खाली पडली होती. खिळ्यावर चावी. पांढऱ्या चिंधीची. चिंधीतून पाणी गळत होतं.

सकाळी सहाला तो माझ्या टपरीवर आला. चावी पुढ्यात ठेवली. म्हणाला, “ही मी त्या माणसाला दिली होती रे. माझ्या हातानं.”

मी एवढंच विचारलं, “तिनं माझं नाव काढलं?”

“नाही.”

“मग तू तरी काढायचंस! मला माहीत नव्हतं, एवढं एक दाराआडून सांगायचंस!”

खाली मान घालून निघून गेला. त्याच आठवड्यात घर सोडलं. आता मुलीकडे असतो. येईल त्या भाड्याला फ्लॅट देतो.

झाली तुमची चावी. पैसे नकोत. एक काम करा. कधी सव्वाआठला टक टक झालं, तर घाबरू नका. ती चांगली बाई होती. फक्त सांगा, चावीवाल्याला फसवलं होतं. तो त्यात नव्हता.

हसतोस? हस बाबा. तुझं वय आहे.

ती चावी ना? ही काय, इथेच टांगलीय, पत्र्याच्या आत. पूर्ण उन्हाळा गेला हिच्यावरून. दुपारी हा पत्रा असा तापतो की हात ठेववत नाही. नळ तिकडे कोपऱ्यावर. मी पाणी लावत नाही.

चिंधीला हात लाव.

…

आता हस.