कुल्फीशेजारची पाल

पाल पुरावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवली होती. शाळेत फ्रीज नसल्यामुळे ती समोरच्या कमलेश कराळेच्या दुकानात, मलई कुल्फीच्या खोक्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत पहुडली होती. कालपासून कुल्फीला गिऱ्हाईक नव्हते आणि या नुकसानीस कमलेश शासनाला जबाबदार धरीत होता.

"मॅडम, आधी ही घेऊन जा. येवढ्या उन्हात माझा सीझन बुडतोय."

केंद्रप्रमुख जागृती ठोंबरे यांनी पिशवी उजेडात धरली. भिसेगावच्या घरातून निघतानाच त्यांना गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन आला होता. कशेळ्याच्या पुढच्या फाट्यावरील शाळेत, काल बुधवारी, एका मुलीच्या ताटातील खिचडीत पाल निघाली होती. 'पालक परिवार' नावाच्या ग्रुपवरचा फोटो संध्याकाळपर्यंत खालापूरपर्यंतच्या पालकांच्या मोबाइलवर पोचला होता. स्वयंपाकीण ठकीबाई हिला काम थांबवायला सांगितले होते आणि तिच्यावर गुन्हा नोंदवा, असा अर्ज पोलिसांकडे गेला होता.

"संध्याकाळपर्यंत अहवाल हवा," साहेब म्हणाले होते. "प्रश्न एकच. पाल शिजवताना पडली का? हो किंवा नाही."

जागृतीबाई रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर. शिक्षण खात्यात येण्यापूर्वी काही वर्षे त्यांनी रसायनीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. तुलनेचा नमुना सोबत असल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथली. ती त्यांना संसारात अडचणीची ठरली, नोकरीत निरुपयोगी.

त्यांनी पाल उलटसुलट करून पाहिली. शेपूट नव्हते. मान चपटी झालेली. पाठीला खिचडीची चार शिते चिकटलेली. पोट स्वच्छ आणि पांढरे.

"फोटो तुम्ही काढलात?"

"हां. बोंबाबोंब ऐकून पळत गेलो. पोरं उठून उभी. ताट खाली पडलेलं नव्हतं, तसंच व्हतं."

"ताट कोणाचं?"

"भाविका भोईरच्या पोरीचं. शेवटच्या ओळीत बसते."

"मोहोपाड्याला तुमच्या साडूंचं मोठं किचन आहे. शाळांना शिजवलेलं जेवण पुरवण्याचं काम त्यांना हवं आहे. बरोबर?"

कमलेशने कुल्फीच्या फ्रीजचे झाकण आपटले. "साडूचं किचन असनं गुन्हा हाय का? मला पाल टाकायची असती तर माझ्याच दुकानात ठेवली असती व्हय?"

युक्तिवादात तथ्य होते. पण तथ्य असलेले युक्तिवाद गुन्हेगारही करतात.

"व्हिडिओ दाखवा."

व्हिडिओत बहुतांश कमलेशचाच आवाज होता. मुख्याध्यापक पेमारे हात जोडून उभे होते. बाजूला भाविका मुलीला पोटाशी धरून उभी. मोकळे केस पाठीवर पसरलेले, खांद्यावर ब्लाउज ओलाचिंब. जागृतीबाईंनी चित्र थांबवले, पाहिले आणि पुढे सरकवले. मग ग्रुपवरचे जुने संदेश वाचायला घेतले. दिवाळीनंतर भाविका दर आठवड्याला लिहीत होती. तांदळाला वास येतो. मुलगी अर्धं ताट टाकते. कोणी तरी गोणी बघा. उत्तरादाखल कमलेशचे 'नोंद घेतली', कुणाचे तरी 'घरून डबा द्या मग', आणि एका सद्गृहस्थाचे, 'ताई, फुकटच्या जेवणाला बासमती पाहिजे का?' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

पालीच्या फोटोखाली मात्र कोणी हसले नव्हते. तालुक्याचे साहेबही पहिल्यांदाच बोलले होते.

मुख्याध्यापक योगेंद्र पेमारे वर्गात खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"काल चव कोणी घेतली?"

"नियमाप्रमाणे एक शिक्षक आणि एक पालक. मी आणि भाविकाताई. कालचा वार त्यांचा होता."

"कशी होती?"

"खिचडीसारखी, मॅडम."

"नंतर?"

"ताई घरी गेल्या. घर पलीकडेच आहे. वाढप सुरू झालं आणि थोड्या वेळानं गलका झाला. पहिलं कोण ओरडलं, मला खरंच सांगता येणार नाही."

"ताटं धुतलेली होती?"

पेमाऱ्यांनी मान खाली घातली. "पुसलेली होती. आमच्याकडे नळ एक दिवसाआड. काल कोरडा वार. गावात प्यायलाही पाणी मोजून वापरतात. कोणी तांब्याभर सांडलं तरी भांडण होतं."

"मुलं बसतात तिथे वर काय आहे?"

"पत्रा. पाली आहेत, नाही म्हणत नाही."

स्वयंपाकाची शेड मागच्या बाजूला होती. ठकीबाई थंड चुलीपुढे बसून होती. काम थांबवले असले तरी घरी जा असे तिला कोणी सांगितले नव्हते.

"पाल पडली नाय, बाई. झाकन व्हतं."

"सगळे असंच म्हणतात, ठकीबाई."

"सगळ्यांची चूल जात नाय ना पन." तिने राखेत काटकी फिरवली. "पोरगा-सून वीटभट्टीवर हायती. या दोन नाती माझ्यापाशी, याच शाळंत. ही चूल हाय म्हनून वाडीवर ऱ्हाते. ही गेली तर मला बी भट्टीवरच जायला लागल, नाती घेऊन. मंग कुठली शाळा अन् कुठलं काय."

"वाढलं कोणी?"

"मीच. समद्यांनी खाल्लं. भाविकाची पोर तेवढी ताट पुढ्यात घेऊन बसली व्हती. म्या म्हनलं, जेव गं, निवतंय. तर म्हनली, आई म्हनली मी आल्याशिवाय हात लावू नको."

जागृतीबाई उठल्या. कोपऱ्यातील तांदळाच्या गोणीत त्यांनी हात घातला आणि मूठ नाकाशी नेली. ओल्या गोणपाटाचा वास होता, त्याखाली काहीतरी आंबूस.

"हा वास कधीपासून?"

"लई दिवस झालं. चार पान्यांनी धुतला तर थोडा कमी व्हतो. पन चार वेळा धुवायला पानी हाय कुठं?"

जागृतीबाईंनी मूठ पुन्हा गोणीत सोडली. त्यांना विचारलेला प्रश्न पालीचा होता.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड निघाले. जागृतीबाईंनी पालीचे मागचे दोन पाय कापले. एक ठकीबाईकडून तापवून घेतलेल्या उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवला, दुसरा तसाच. मग दोन्ही पाय दोन बशांत ठेवून त्यांवर औषध टाकले. एका बशीत पांढरा फेस उसळला. दुसरीत काहीच झाले नाही. दोन्ही बशा झाकून त्यांनी पेमाऱ्यांना सांगितले, "सगळ्यांना बोलवा."

वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे मोडून बसली. ठकीबाई दाराशी उभी राहिली. बसा म्हटल्यावरही ती उभीच होती.

"पहिला प्रश्न," जागृतीबाई म्हणाल्या. "ही पाल शिजली होती का? प्रत्येक सजीवाच्या शरीरात एक एन्झाइम असतं. या औषधाशी गाठ पडली की ते फेस आणतं. उकळल्यावर ते निकामी होतं. हा पाय मी उकळला, फेस नाही. हा उकळला नाही, फेस आहे. म्हणजे पाल कधीच शिजलेली नव्हती. कुजण्यातल्या जंतूंमुळेही फेस येऊ शकतो, म्हणून मी एकट्या फेसावर विसंबले नाही. पोट पाहा. हळद घातलेल्या खिचडीत पाल शिजली असती तर ते पिवळं झालं असतं. ते पांढरं आहे."

"मंग पत्र्यावरनं पडली असंल ताटात," मागून कोणी म्हणाले.

"ताटात पडलेली पाल पळते. हिची मान ठेचलेली आहे. झाडूचा फटका बसला की बसते तशी. फटक्यात शेपूट तुटतं आणि तुटलेलं शेपूट बराच वेळ वळवळतं. ताटात शेपूट नव्हतं. ते वळवळताना एकाही मुलानं पाहिलं नाही. म्हणजे पाल दुसरीकडे मारली आणि ताटात आणून ठेवली."

सगळ्यांच्या माना कमलेशकडे वळल्या. त्याने दोन्ही हात वर केले.

"ते नव्हेत. ते गलका झाल्यावर आले. ज्या ताटात पाल ठेवायची होती त्याला मुलीनं हात लावायचा नाही, हे कोणाला तरी आधीच माहीत होतं. मुलीला तसं सांगितलेलं होतं. दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात ती ठेवली नाही, एवढी काळजी घेणारं माणूस होतं ते."

जागृतीबाईंनी बशा बाजूला सारल्या.

"भाविकाताई, काल नळाला पाणी नव्हतं. गावात तांब्याभर पाण्यावरून भांडणं होतात. भर दुपारी तुम्ही डोक्यावरून आंघोळ का केलीत?"

भाविकाने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"ओले केस हा पुरावा नाही," जागृतीबाई म्हणाल्या. "मी फक्त विचारते आहे."

"अंगावर पडली माझ्या," भाविका शेवटी म्हणाली. "चव घेऊन घरी गेले. भिंतीवर व्हती, झाडू मारला, तर खांद्यावरच पडली. पाल अंगावर पडल्यावर न्हाल्याशिवाय ऱ्हाते का कोन? होतं नव्हतं तेवढं पानी ओतलं डोक्यावर. न्हाताना डोक्यात आलं." तिने वर पाहिले. "तांदूळ कुजका हाय म्हनून किती महिनं लिहिते मी. कुनी आलं? कुनी गोनी उघडली? पोरीला ताटाला हात लावू नको म्हनून शाळेच्या दारातनं सांगून गेले, मंग कागदात बांधून आनली, मागच्या ओळीत कुनी बघत नव्हतं तवा तिच्या ताटात सोडली. म्हनलं, पाल बघून तरी येतील. आलात ना तुमी?"

ठकीबाई दारातून म्हणाली, "मला सांगायचंस ना गं. माझ्यावर येनार हे कळलं नाय तुला?"

"वाटलं, तांदूळ देनाऱ्यावर येईल गं, आत्या." भाविका रडू लागली. "तुझ्यावर येईल असं वाटलंच नाय."

"दोघी मिळून बोललो असतो."

"बोलून काय झालं असतं?"

 

जागृतीबाईंनी व्हरांड्यात जाऊन साहेबांना फोन लावला. पाल शिजवताना पडलेली नाही, स्वयंपाकीण निर्दोष, पाल एका पालकानेच ठेवली. साहेबांनी समाधान व्यक्त केले.

"म्हणजे तक्रार खोटी. छान. विषय संपला."

"सर, तांदळाची तक्रार खरी आहे. मी स्वतः वास घेतला. नमुना तपासणीला पाठवायला हवा."

"तक्रार कोणाची?"

"त्याच पालकाची."

"जिनं पाल ठेवली तिची? ठोंबरे, जरा विचार करा. खोटी तक्रार करणाऱ्या बाईच्या शब्दावर मी पुरवठादाराला नोटीस काढू? शिवाय आता त्या शाळेत शिजणारच नाही. वाद नको म्हणून कालच आदेश काढला. सोमवारपासून जेवण मोहोपाड्याहून येईल. शिल्लक तांदूळही तिकडेच जाईल."

"सर, अहवाल येण्याआधीच आदेश?"

"फोटो तर आला होता ना."

फोन ठेवून त्या मागे गेल्या तेव्हा शेडपुढे टेंपो उभा होता. कमलेश गोण्या मोजत होता. साडूने त्याला फोन करून तेवढे बघायला सांगितले होते. "मी काय बी केलं नाय हां, मॅडम," तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. जागृतीबाईंनी गोणीतून मूठभर तांदूळ मागितला. गोण्यांची तोंडे शिवली आहेत, सील मोडता येणार नाही, असे ड्रायव्हरने सांगितले. वरच्या गोणीचे तोंड मघाशी उघडे होते; त्यांनी तिच्यातच हात घातला होता. आता तेही शिवलेले होते.

टेंपो फाट्याकडे वळला. भाविका मुलीचे दप्तर घेऊन बाहेर पडली. बरोबरच्या बायका चार पावले मागे राहून चालत होत्या. तिच्या नावाचा संदेश ग्रुपवर पोचला असणार, कारण प्रत्येकीच्या हातात मोबाइल होता.

ठकीबाई शेडमध्ये परतली होती. रिकाम्या कोपऱ्यात सांडलेले तांदळाचे दाणे ती झाडूने गोळा करत होती.

"बाई, माझी चूक नव्हती ना? तसं लिवलंय ना तुमी?"

"लिहिलंय, ठकीबाई. तुमची काहीच चूक नव्हती. पोलिसांकडूनही तुम्हाला काही होणार नाही."

"मंग उद्या मी येऊ?"

जागृतीबाईंनी या प्रश्नाचे उत्तर सावकाश, कोणताही शब्द न टाळता दिले. मोहोपाडा, सोमवार, आदेश. ठकीबाईने पूर्ण ऐकून घेतले. मग तिने विझलेल्या चुलीतली राख उकरून पाहिली, घमेले उचलले आणि दाराशी थांबली.

"लई बारीक बघितलंत तुमी, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "पन मंग त्या फेसाचं मला करायचं काय?"

नातींना हाक मारून ती डोंगराच्या वाटेला लागली. भट्टीवाल्याचा टेंपो वाडीवर कधी येतो, हे तिला वाटेत कोणाला तरी विचारायचे होते.