घरात बोलावलेला वारा

माझ्या धाकट्या भावाने, प्रफुल्लने, पुण्याहून खोका पाठवला तेव्हा मी आधी नाक मुरडलं. वाऱ्यावर चालणारा प्राणी, तोही सुटे भाग जोडून आपणच करायचा. अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या बाबांना याचा काय उपयोग? पण त्यांचा उजवा हात चांगला होता आणि बोटांना काम द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मे महिन्याची सुट्टी होती, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

सौंदडच्या आमच्या घरात दुपारची जेवणं झाली की मी जमिनीवर बसायची आणि बाबा बसक्या खाटेवर कुशीला वळायचे. प्लास्टिकचे पांढरे पाय, मधोमध नागमोडी दांडा, पुढे पात्यांचं चक्र. मी भाग धरायची, बाबा दाबून बसवायचे. पाय दांड्यात टक्‌ करून बसला की ते खळं उरकल्यासारखे माझ्याकडे बघायचे. वाचा गेल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता. मला हाव सुटली. बाबा अजून जायला नकोत, बस, दुसरं काही नको होतं मला.

जोडणी पूर्ण झाली त्या दुपारी लाइन गेलेली, पंखा बंद. बाहेर मोहाचं पानही हलत नव्हतं. प्राणी फरशीवर ठोंब्यासारखा उभा. बाबांचं तोंड उतरलं, तसं मला राहवेना आणि मी शीळ घातली.

धान उडवताना वारा पडला की आमच्या घरच्या थोरल्या लेकीने शीळ घालायची, अशी रीत आहे. काम झालं की शेवटचं सूपभर फोलपट वर उधळून वाऱ्याला निरोप द्यायचा. शीळ घालायची ती फक्त खळ्यावर. वारा यायचा तेव्हाच येतो हे मला शिकवायला नको. तरी दर हंगामात मीच शीळ घालते.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काऊन वो रचना, घरात कायले बलावून राहिली त्याले? धान उडवाचा हाय का इथं?"

"खेळणं चालवते, आई."

पाती फिरली. पाय एकामागून एक उचलत प्राणी चालू लागला. मी टाळ्या पिटल्या, बाबाही हसले. मग माझं लक्ष दाराच्या पडद्याकडे गेलं. तो सरळ लोंबत होता.

फरशीला उतार असेल. मी तांब्याभर पाणी ओतलं, ते जागीच पसरलं. दार-खिडकी लावून घेतली. प्राणी चार पावलं टाकायचा, थबकायचा, पुन्हा टाकायचा. बाबा आता हसत नव्हते. हात उचलून भिंतीकडे दाखवत होते. तिथे घड्याळ होतं आणि त्याच्याखाली सूप टांगलेलं. मला वाटलं, गोळीची वेळ झाली म्हणताहेत. मी गोळी दिली. त्यांनी डोळे मिटले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं.

चहाच्या वेळी आईने विचारलं, "निरोप देल्लास का त्याले?"

माझी नजर भिंतीवरच्या सुपाकडे गेली. ती सूपभर फोलपट घेऊन अंगणात गेली आणि तिने ते वर उधळलं. "जाय बापा आता," म्हणाली. फोलपट सरळ तिच्या डोक्यावर पडलं. एक कणही बाजूला सरकला नाही.

"हा बाहेर नाही वो," ती हळूच म्हणाली.

आत बाबांना झोप लागली होती. प्राणी चालतच होता. त्याला उचलायला वाकले तेव्हा मला त्याची लय कळली. बाबांनी श्वास सोडला की पाती फिरायची. श्वास घेताना प्राणी थबकायचा.

योगायोग, मी स्वतःला म्हणाले. ते तपासायची सोपी रीत होती. मी पात्यांचं चक्र चिमटीत घट्ट धरलं.

बाबांची छाती थांबली.

ओठ काळे पडू लागले.

"सोड त्याले!" आई किंचाळली. "सोड वो, सास थांबून राहिला त्याइचा!"

मी सोडलं. पाती फिरली. बाबांनी खोल, घरघरता श्वास सोडला.

तेव्हापासून आम्ही दोघी आळीपाळीने बसतो. प्राणी भिंतीशी पोचला की बोटाने अलगद त्याचं तोंड वळवायचं. डॉक्टर येऊन गेले. तब्येत छान आहे म्हणाले, खेळण्याचं कौतुकही केलं. जून लागला, शाळा सुरू झाली, मी रजा टाकली. लोक मला वेडी म्हणोत. मला बाबा हवे आहेत.

बाबांना सगळं कळतं. मी जवळ बसले की ते टक लावून माझ्याकडे बघतात. मग खाटेवरून हात खाली सोडतात आणि तळवा उघडा करून प्राण्याच्या वाटेत ठेवतात. मी तो हात उचलून त्यांच्या पोटावर ठेवते. थोड्या वेळाने ते पुन्हा खाली सोडतात.

आज सकाळी मी आईचं जुनं लुगडं फाडलं. कापड मऊ आहे, त्यांना काचणार नाही. मनगट खाटेच्या कडेच्या पाटीला बांधताना त्यांनी जराही ओढून घेतलं नाही.